चालत्या यंत्राचे स्थलांतर : एका तंत्राचा पूर्वेतिहास आणि विस्तार

संगणक चालू असता, त्यावर अवलंबून असणाऱ्यांना कळू न देता, त्यातील सर्व कार्य दुसऱ्या संगणकावर नेणे हे आज मोठ्या संगणककेंद्रांतून नित्याचे कर्म झाले आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आपल्या केंद्रांतून दरमहा १०,००,००० हून अधिक अशी स्थलांतरे होत असल्याचे, आणि त्यांतील सेवाखंडाचा मध्यक ५० मिलिसेकंद असल्याचे नमूद केले आहे. या तंत्राचा आरंभ सामान्यतः २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधापासून धरण्याचा प्रघात आहे. त्या निबंधाची योग्यता वादातीत आहे. तथापि त्यातील मध्यवर्ती युक्ती त्यापूर्वी वीस वर्षे अभ्यासकांस ठाऊक होती. ठाऊक असूनही ती इतकी वर्षे व्यवहारात का रुजली नाही, आणि पुढे अल्पावधीत सर्वत्र कशी पसरली, या प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होय. व्हर्च्युअल मशीन अथवा आभासी यंत्र म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या आधाराने उभा केलेला, परंतु आतील कार्यप्रणालीस स्वतंत्र व संपूर्ण भासणारा संगणक. अशा अनेक यंत्रांचा सांभाळ करणाऱ्या प्रणालीस हायपरवायजर म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात सीपी-४० ही प्रणाली सिद्ध झाली. १९७२ साली त्याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. आणि १९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग यांनी कोणत्या संगणकावर आभासी यंत्रे उभी करता येतील याचे औपचारिक निकष मांडले. परंतु या काळात मुख्य हेतू होता तो एक महागडा संगणक अनेकांत वाटून देण्याचा. कार्य एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची गरज भासण्यास प्रथम एकाच जाळ्यात जोडलेले अनेक संगणक असावे लागतात. ती परिस्थिती १९८० नंतर आली.

त्या दशकातील अभ्यासकांनी स्थलांतराचे एकक म्हणून निवडली ती प्रोसेस, म्हणजे चालू असलेला एकेक कार्यक्रम. पॉवेल व मिलर यांनी १९८३ साली डेमॉस/एमपी या प्रणालीत प्रोसेसचे स्थलांतर करून दाखविले. स्टॅनफर्ड विद्यापीठात थायमर, लान्ट्झ व चेरिटन यांनी १९८५ साली व्ही-सिस्टिमसंबंधी जो निबंध प्रसिद्ध केला, तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तेथील प्रश्न असा होता : एखाद्याचा संगणक रिकामा असता त्यावर दुसऱ्याचे काम चालविले, आणि मूळ मालक परत आला, तर पाहुण्या कामाची रवानगी कशी करावी? काम थांबवून त्याची सर्व मेमरी पाठविली तर खंड फार मोठा होतो. यास्तव त्यांनी असा क्रम योजिला की, काम चालू असतानाच मेमरीची पाने नव्या संगणकावर पाठवावीत. तेवढ्या अवधीत जी पाने बदलली असतील ती पुन्हा पाठवावीत. असे करता करता शिल्लक फार थोडी उरली म्हणजे मगच काम क्षणभर थांबवून अखेरची पाने न्यावीत. ‘प्री-कॉपी’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली युक्ती ती हीच.

युक्ती उत्तम असूनही प्रोसेसचे स्थलांतर प्रयोगशाळेबाहेर फारसे पडले नाही. मिलोयिचिच व त्यांचे सहकारी यांनी २००० साली या क्षेत्राचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यातही हीच खंत व्यक्त झालेली आहे. याचे एक प्रमुख कारण प्रोसेसच्या स्वरूपातच होते. प्रोसेस एकटी नसते. तिने उघडलेल्या फाइली, तिचे जाळ्यावरील संबंध, तिच्या नावे कर्नलने ठेवलेल्या नोंदी, असे तिचे असंख्य धागे मूळ संगणकात गुंतलेले असतात. डेमॉस/एमपीमध्ये प्रोसेस निघून गेल्यावर मागे तिचा नवा पत्ता ठेवावा लागे, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला निरोप पुढे धाडता येई. बर्कली येथील स्प्राइट प्रणालीत काही कामांसाठी प्रोसेसला आपल्या मूळ संगणकाकडे वारंवार विचारणा करावी लागे. कार्नेगी मेलन येथे झायास यांनी १९८७ साली ॲक्सेंट प्रणालीत मेमरी मागेच ठेवून लागेल तसतसे एकेक पान मागविण्याचा मार्ग अवलंबिला; त्याने खंड घटला, पण मागील संगणकावरील अवलंबन वाढले. अभ्यासकांनी यास ‘शेष अवलंबन’ म्हटले. ज्या संगणकाची दुरुस्ती करावयाची म्हणून काम हलविले, तोच संगणक चालू ठेवणे भाग पडत असेल, तर त्या स्थलांतराचा उपयोग काय?

या अडचणीचा परिहार अधिक चतुर युक्तीने झाला नाही. एकक बदलल्याने झाला. १९९७ साली स्टॅनफर्ड येथे डिस्को या प्रकल्पाने आभासी यंत्राची विस्मृतप्राय कल्पना पुन्हा पुढे आणली, आणि १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती सामान्य संगणकांवर उतरविली. आभासी यंत्रात कर्नलच आत असतो. प्रोसेसचे जे धागे पूर्वी तोडावे लागत, ते सर्व आता गाठोड्याच्या आतच राहिले. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध उरतो तो मेमरी, प्रोसेसरची स्थिती, डिस्क आणि नेटवर्क एवढ्या मोजक्या ठिकाणी. डिस्क दोन्ही संगणकांना सामायिक असली आणि नव्या जागेची वर्दी स्थानिक जाळ्यास दिली, की मागे काही उरत नाही. संपूर्ण घर हलविणे हे एका माणसास घराबाहेर काढण्याहून सोपे ठरावे, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

या परिवर्तनाची साक्ष एका व्यक्तीच्या कार्यातही सापडते. एरिक यूल हे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एमराल्ड प्रणालीच्या कर्त्यांपैकी एक. त्या प्रणालीत हलविण्याचे एकक प्रोसेसहूनही लहान, म्हणजे एकेक ऑब्जेक्ट, असे होते. हेच यूल पुढे कोपनहेगन येथे हान्सेन यांच्यासह संपूर्ण कार्यप्रणालीच्या स्थलांतराकडे वळले, आणि दोघेही २००५ सालच्या त्या सुप्रसिद्ध निबंधाचे सहलेखक झाले. क्लार्क, फ्रेझर, हँड प्रभृतींचा हा निबंध इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या झेन या हायपरवायजरवर आधारलेला होता. व्हीएमवेअरने व्हीमोशन या नावाने हीच सोय २००३ सालीच विक्रीस आणली होती; तिचे शास्त्रीय वर्णन मात्र २००५ सालीच प्रसिद्ध झाले. केंब्रिजच्या प्रयोगात क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर, खेळाडू खेळत असतानाच, ६० मिलिसेकंदांच्या खंडाने हलविण्यात आला.

युक्तीचे बळ आणि तिची मर्यादा एका हिशेबाने स्पष्ट होईल. यंत्राची मेमरी ६४ गिगाबाइट, आणि जाळ्याचा वेग सेकंदास १० गिगाबिट आहे असे समजू. यंत्र थांबवून सर्व मेमरी नेली तर सुमारे ५१ सेकंदांचा खंड पडेल. पाठविण्याच्या वेगाच्या एक चतुर्थांश वेगाने पाने बदलत असतील, तर प्री-कॉपीच्या फेऱ्यांत अनुक्रमे ६४, १६, ४ व १ गिगाबाइट जातील आणि पाव गिगाबाइट शेष राहील. ते नेण्यास ०.२ सेकंद पुरे. मात्र एकंदर पाठवणी ८५ गिगाबाइटांवर जाते आणि खंडापूर्वीच ६८ सेकंद खर्ची पडतात. खंड घटला तो एकूण श्रम वाढवून. पाने बदलण्याचा वेग पाठविण्याच्या वेगाइतका झाला, तर शेष कधीच घटत नाही. अशा वेळी यंत्राची गती मुद्दाम मंद करावी लागते. अन्यथा, हाइन्स व गोपालन यांनी २००९ साली मांडलेल्या पोस्ट-कॉपी पद्धतीने, यंत्र आधी हलवून मेमरी मागाहून आणावी लागते. झायास यांचा १९८७ सालचा विचार येथे पुन्हा भेटतो. फरक इतकाच की, आता उरलेली पाने न मागताही पाठविली जातात, त्यामुळे शेष अवलंबन मर्यादित काळाचे असते.

यंत्र एक असता प्रश्न मेमरीचा असतो. यंत्रे हजारो झाली की तो नियोजनाचा होतो. वरील प्रकारची १,००० यंत्रे एकाच जोडणीतून एकामागून एक नेल्यास, फेरपाठवणी न धरताही, १४ तासांहून अधिक काळ लागेल. सर्व एकदम नेऊ पाहिल्यास प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटून कोणाचाच शेष कमी होणार नाही. म्हणून कोणते यंत्र केव्हा व कोठे न्यावे याचे स्वतंत्र शास्त्र बनू लागले. २००७ सालच्या सँडपायपर या प्रकल्पाने भार ओळखून यंत्रे आपोआप हलविण्याचे नियम मांडले. देशपांडे, वांग व गोपालन यांनी २०११ साली एकाच संगणकावरील अनेक यंत्रांत समान असणारी पाने एकदाच पाठविण्याची रीत दाखविली.

या खटाटोपाचे मोल संकटकाळी दिसून आले. २०१४ सालच्या सप्टेंबरअखेर झेनमधील एक गंभीर दोष प्रकट होण्यापूर्वी दुरुस्त करणे आवश्यक झाले, तेव्हा ॲमेझॉनला आपल्या यंत्रसमूहापैकी १० टक्क्यांहून कमी भाग पुन्हा सुरू करावा लागला, आणि त्यांवरील सेवा चालविणाऱ्यांस अल्प सूचनेत तयारी करावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले. त्या वेळी मायक्रोसॉफ्टला ॲझ्युअरवरील यंत्रे पुन्हा सुरू करण्याचे काम घाईने उरकावे लागले. गूगलने मात्र आपल्या ग्राहकांची यंत्रे चालत्या स्थितीत हलवून दुरुस्ती केल्याचे सांगितले.

तथापि प्रश्न कायमचा सुटला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. गणनेस वेग यावा म्हणून आज आभासी यंत्रांना ग्राफिक्स प्रोसेसरसारखी साधने थेट जोडली जातात. त्या साधनांची आंतरिक स्थिती हायपरवायजरला सहज वाचता येत नाही, म्हणून अशी यंत्रे हलविणे पुन्हा दुष्कर होते. १९८३ साली प्रोसेसला मूळ संगणकाशी बांधणारे जे धागे होते, तेच येथे नव्या रूपाने प्रकट होतात. यावरून निष्कर्ष निघतो तो असा : या तंत्राचे यश मुख्यतः वेगाचे नाही, सीमेचे आहे. जे हलवावयाचे त्याची बाह्य जगाशी असलेली सीमा अरुंद आणि स्पष्ट असेल तोवर १९८५ सालची युक्ती आपले कार्य करते. सीमा रुंदावली की तीच युक्ती निरुपाय होते. सेवाखंडही नाहीसा झालेला नाही. तो माणसाच्या लक्षात येण्याच्या मर्यादेखाली नेण्यात आला आहे, आणि त्याचे मूल्य जाळे, प्रोसेसर व नियोजन यांच्या खाती निमूटपणे जमा होत असते.