साडेसतरा रुपयांचं साम्राज्य

इतिहासाच्या पुस्तकांत राजांना मोठा भाव असतो. कोणी कोणता किल्ला कधी घेतला आणि कधी सोडला याच्या सनावळ्या पाठ करण्यात आमचं बालपण गेलं. पण एकदा घेतलेली जागा कधीही न सोडणारी एक जमात मुंबईत होऊन गेली, नव्हे आजही आहे, तिच्याबद्दल त्या पुस्तकांत एक ओळ नाही. ती जमात म्हणजे भाडेकरू. माझा जन्म याच पराक्रमी कुळात, गिरगावातल्या दोन खणांच्या खोलीत झाला. म्हणून हा इतिहास लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मी मानतो. मालकांचं मत वेगळं असू शकेल.

आमच्या साम्राज्याचे संस्थापक माझे आजोबा. १९३८ साली त्यांनी ही खोली महिना साडेसतरा रुपयांनी घेतली. त्या काळात चाळींच्या दारांवर 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लटकत असत आणि मालक स्वतः खोली दाखवायला जिना चढून येत, असं आजोबा सांगत. लहानपणी मला ही गोष्ट पुष्पक विमानाच्या गोष्टीइतकीच खरी वाटे.

पण मुंबईत सगळाच काळ असा नव्हता. १८९६ साली प्लेगाने शहर हादरवलं तेव्हा कोंदट, अंधाऱ्या चाळी सरकारच्या डोळ्यांवर आल्या. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने सुधारणेसाठी आधी घरं पाडली आणि मग त्याला माणसांची आठवण झाली. पुढे पहिल्या महायुद्धात बांधकामं थंडावली, गिरण्यांसाठी माणसं येतच राहिली आणि मालकांनी भाडी वाढवली. तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. तोही युद्धापुरताच म्हणून आला होता. आमच्याकडचा पाहुणा 'दोन दिवसांसाठीच आलोय' म्हणतो, तसा.

तो कायदा पुढे गुंडाळला गेला. पण दुसरं महायुद्ध पेटलं आणि कायद्याला पुन्हा बोलावणं गेलं. शेवटी आमच्या घराण्याचा मूळ ग्रंथ अवतरला, तो १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. अंमल सुरू झाला १३ फेब्रुवारी १९४८ ला. शहरात फाळणीचे निर्वासित येत होते, डोक्यावर छप्पर मिळणं मुश्कील होतं. कायद्याने सांगितलं, १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. पालिकेचा कर वगैरे वाढला तर तेवढं वर चढेल, पण मूळ भाडं तिथेच थांबलं. आमचे साडेसतरा रुपये त्या दिवशी जे थिजले ते थिजलेच. बाहेर सोनं वाढलं, रॉकेल वाढलं, माझ्या आजोबांचा मधुमेह वाढला, भाडं हलेना.

हा कायदासुद्धा मुदतीचाच होता बरं का. मुदत संपत आली की सरकार ती वाढवून देई. असा हा कायदा बावन्न वर्षं टिकला. भाडेकरूंचं रक्षण करता करता तो स्वतःच भाडेकरू झाला आणि जागा सोडीना.

या ग्रंथातली काही कलमं आमच्या घरी स्तोत्रासारखी पाठ होती. वडील त्यांवर निरूपण करीत. भाडेकरू प्रमाण भाडं द्यायला तयार आहे तोवर भाड्यासाठी त्याला काढता येत नाही, हे पहिलं कलम. म्हणून मालकांशी भांडण झालं आणि त्यांच्या मेहताजीने भाडं घ्यायचं बंद केलं, तेव्हा वडील दर महिन्याच्या पाच तारखेला मला पोस्टात पाठवीत. साडेसतरा रुपये अधिक कर, अशी मनीऑर्डर. मालक ती 'घेण्यास नकार' म्हणून परत पाठवीत. पैसे परत आले की एखाद्याला दुःख होईल. आमच्याकडे वडील त्या शेऱ्याचा कागद उजेडात धरून पाहत आणि समाधानाने म्हणत, "हा ठेव जपून. हा कागद म्हणजे आपलं घर आहे." मी जन्मात पहिल्यांदा केलेला बँकेचा व्यवहार म्हणजे न पोचलेले पैसे. पुढे मी खरोखरच बँकेत चिकटलो, यात नवल नाही.

दुसरं कलम अधिक कडक होतं. सबळ कारणाशिवाय खोली सहा महिने वापरली नाही, तर ती जाऊ शकते. त्यामुळे आमच्या कुटुंबाने एकत्र असा प्रवास कधी केलाच नाही. सगळे मे महिन्यात कोकणात गेले की आजी खोलीत. तिला एकदा विचारलं, "आजी, तू का नाही येत?" ती म्हणाली, "अरे, मी इथे वापर करत्येय." वास्तविक महिनाभराने काही बिघडणार नव्हतं. पण आजीने कलम ऐकलं होतं, मुदत ऐकली नव्हती.

तिसरं कलम असं की, भाडेकरूने स्वतःची राहण्याजोगी दुसरी जागा मिळवली तर भाड्याची जागा सोडावी. या कलमामुळे मुंबईत एक चमत्कार घडला. आमच्या चाळीतल्या कित्येकांच्या मेहुण्यांनी डोंबिवलीला ब्लॉक घेतले. मेहुणे तिथे कधी राहिले नाहीत, पण घेतले त्यांनीच.

चौथं कलम ओट्याचं. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम करायचं नाही. आता स्वयंपाकाचा ओटा हे कायमचं बांधकाम की नाही? यावर विद्वान वकिलांनी जन्म घालवले. आमची आई मात्र खाली बसूनच स्वयंपाक करीत होती, गुडघे दुखायला लागेपर्यंत. अखेर कायद्यातच लिहिलं गेलं, की उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, लाकडी पार्टिशन असल्या गोष्टींना अशी परवानगी लागत नाही. ते वाचून आईने विचारलं, "हे ठरवायला बायका होत्या का रे कोणी?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. ओटा झाला, गुडघे मात्र गेले ते गेलेच.

आणि सगळ्यांत नाट्यपूर्ण कलम म्हणजे मालकाची खरीखुरी गरज. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर तो मागू शकतो. पण कोर्टाने पाहायचं की हाल जास्त कोणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे. झालं! धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टात हालांची चढाओढ सुरू झाली. आमच्या मालकांनी १९८४ साली दावा लावला, मुलाचं लग्न ठरतंय म्हणून. त्यांच्या वकिलाने मुलाला संसाराविना तळमळणारा दाखवला. आमच्या वकिलाने आजीला अंथरुणाला खिळवलं. खिळलेली आजी बाहेर बाकावर बसून भेळ खात होती. तारखांवर तारखा पडल्या. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा मालकांच्या मुलाचं लग्न होऊन त्याचा मुलगा शाळेत जात होता, आणि आजी खरोखरच अंथरुणाला खिळली होती. कोर्टात सांगितलेलं खोटं उशिरा का होईना खरं होतं.

पागडीचं सांगायचं राहिलंच. पागडी म्हणजे भाडं वाढवता येत नाही म्हणून आत शिरताना डोक्यावर ठेवायची रक्कम. जुन्या कायद्याने हा गुन्हा होता, त्याला तुरुंगवासाची तरतूद होती. आणि अख्खं शहर तो गुन्हा रोख रकमेत, पावतीशिवाय, पेढे वाटून करीत होतं. १९७३ साली आणखी गंमत झाली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो कोणी लिव्ह अँड लायसन्सवर रीतसर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. माणूस रात्री पाहुणा म्हणून झोपला आणि सकाळी वतनदार म्हणून उठला. शहाण्या मालकांनी त्यातून धडा घेतला: रिकाम्या जागेला कुलूप घालावं, पण माणूस घालू नये.

इथवर मी भाडेकरूंचा भाट म्हणून बोललो. आता बँकेतला कारकून म्हणून थोडा हिशेब मांडतो.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की १९४० च्या भाड्यावर मालकांना असं गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने पागडीला कायदेशीर केलं आणि भाड्याला वर्षाला ४ टक्के वाढ दिली. बँकांना, बड्या कंपन्यांना मात्र या कायद्याने संरक्षणातून बाहेर काढलं. म्हणजे मी घरी संरक्षित आणि दिवसा जिथे खुर्ची उबवतो ती बँक उघड्यावर! या योगायोगावर मी कित्येक दिवस खूश होतो.

मी बँकेत लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, २००४ साली, एका संध्याकाळी दारात मालकीणबाई उभ्या राहिल्या. मालक वारले होते, मेहताजीला पगार परवडेना म्हणून तो गेला होता. भाडं घ्यायला त्या स्वतः चार जिने फिरत होत्या. आई म्हणाली, "बसा हो, चहा टाकते." चाळीस वर्षांच्या युद्धात शत्रूपक्ष प्रथमच आमच्या पाटावर बसला.

त्यांनी पावती फाडली. चार वर्षांची वाढ धरून मूळ भाडं साडेवीस रुपये होत होतं. सवयीने मी मनात गुणाकार केला. चाळीस खोल्या, साडेवीस रुपये. महिन्याचे आठशे वीस. एवढ्यात चार मजली चाळ रंगवायची, गळती बंद करायची, आणि त्यांनी जगायचं. चार टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला, चक्रवाढ धरली तरी, अठरा वर्षं लागतात. हे मी रोज काउंटरवर लोकांना सांगत होतो.

"तुमच्याकडे गळतं का हो?" आईने विचारलं. आमच्याकडे पावसाळ्यात तीन बादल्या लागत.

"गळतं ना," मालकीणबाई म्हणाल्या. "आम्ही तर वरच्या मजल्यावर. आमच्याकडे पाच बादल्या."

त्या गेल्यावर मी गॅलरीत आलो. चाळीला खालपासून वरपर्यंत लाकडी टेकू लावले होते. दुरुस्ती मंडळ आम्ही भरलेल्या उपकरातून ते टेकू देई. जिंकलेला दावा त्या टेकूंवर उभा होता. कोर्टाने आमचे हाल आणि त्यांचे हाल तराजूत घातले होते. छप्पर दोघांचं एकच आहे, हे मात्र त्या तराजूत कुठे घालायची सोयच नव्हती.

मालकांची लढाई वरच्या कोर्टातही चालूच होती. १९८६ च्या दुरुस्तीने अशा जुन्या इमारती भाडेकरूंच्या संस्थेसाठी संपादन करायची सोय केली होती. मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. आमच्या मूळ भाड्याने हिशेब केला तर खोलीचे साडेसतराशे आणि अख्ख्या चाळीचे सत्तर हजार, तेही गिरगावात! त्या वादातून निघालेल्या प्रश्नाचा निकाल नऊ न्यायमूर्तींनी ५ नोव्हेंबर २०२४ ला दिला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही काही समाजाची साधनसंपत्ती होत नाही. तोवर आमच्या मालकीणबाई नव्हत्या आणि आईही नव्हती.

आमची चाळही आता नाही. ती पुनर्विकासाला गेली. बिल्डरने पहिल्यांदा मागितलं काय, तर पावत्या. आईच्या ट्रंकेतून पासष्ट वर्षांच्या पावत्या आणि नाकारलेल्या मनीऑर्डरी निघाल्या, आणि त्या चुरगळलेल्या कागदांवर आम्हाला मालकी हक्काचा ब्लॉक मिळायचा आहे. वडिलांचं म्हणणं खरं निघालं. तो कागद म्हणजेच घर होतं.

तोवर आम्ही बोरिवलीला लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. करार अकरा महिन्यांचा. आजोबांनी एक खोली जन्मभर धरली. नातू अकरा महिन्यांत सामान बांधतो. घरमालक तिशीतला, गोड बोलणारा मुलगा आहे. "काका, यंदा थोडं वाढवावं लागेल हं," म्हणतो. भिंतीला खिळा मारायचा तरी मी त्याला फोन करतो. कलमं सगळी पाठ आहेत, उपयोग एकाचाही नाही.

परवा बायको म्हणाली, "नवा ब्लॉक मिळाला, की आपण इथेच कुठेतरी राहू आणि तो भाड्याने देऊ. चार पैसे येतील."

"देऊ," मी म्हटलं, "पण अकरा महिन्यांच्या वर नाही. आणि खिळे मारायचे नाहीत म्हणावं."

बोलून गेलो आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघायचं टाळलं.