गिरणगावात करमणूक आधीही होती

एकाच जागी ऑफिस, घर, मॉल, थिएटर आणि खाणंपिणं, याला बिल्डरांच्या ब्रोशरमध्ये 'मिक्स्ड-यूज डेव्हलपमेंट' म्हणतात. कल्पना नवीन वाटते, पण लालबाग-परळचं गिरणगाव असंच होतं.

गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर चाळ, चाळीखाली दुकानं आणि एखाद्या खोलीत बाई चालवत असलेली खानावळ. अशा खानावळवाल्या बायांना संघटित करायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. करमणूकही इथलीच होती. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 सालचं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 मध्ये उभं राहिलं. लालबागच्या भारतमाता सिनेमात मराठी चित्रपट परवडणाऱ्या तिकिटात दिसायचे. दिवसा साच्यावर असलेला माणूस रात्री प्रेक्षकांत असायचा, कधी रंगमंचावरही.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. उरला प्रश्न जमिनीचा, जवळपास 600 एकरांचा.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ढोबळ वाटणी केली: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. कागदावर हाही 'मिश्र वापर'च होता, आणि चांगला होता. पण मोजकेच मालक पुढे आले. मग 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागेवर शेड असतात, त्यामुळे वाटायला फारसं उरलंच नाही. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर याविरुद्ध निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मग टॉवर, मॉल, पब आले. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड नवीन चढवला, बॅकएंड तोच ठेवला. पूर्वी कामगार चालत कामावर यायचा. आता विरार-कल्याणहून येणाऱ्या हजारोंसाठी स्टेशनं, पूल आणि गल्ल्या जुन्याच होत्या. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून 14 जण गेले. नवा पूल लष्कराने फेब्रुवारी 2018 पर्यंत उभा केला. म्हणजे काही महिन्यांत होण्यासारखं काम होतं. टॉवरना परवानग्या देताना ते कुणाच्याच यादीत वर नव्हतं.

घरांसाठी लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. 2012 च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती सात हजारांच्याही आत. दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडून 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं.

लोअर परळ आज रिकामं नाही. रात्री एकलाही तिथे गर्दी असते. त्या अर्थाने पुनरुज्जीवन झालं. पण त्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासणारा, आपल्याला बिल आणून देणारा मुलगा शेवटची लोकल पकडायला धावतो, कारण कामाच्या जागेपासून चालत जाता येईल असं घर त्याच्यासाठी उरलेलं नाही. पुढच्या वेळी ब्रोशरमध्ये 'मिक्स्ड' दिसलं, तर कोण कोण मिसळणार आहे, एवढं विचारून पाहा.