जबानी कोणाची, लेखणी कोणाची?

दिवेलागणीची वेळ आहे. वाटेवरच्या आमराईत प्रवाशांचा तळ पडला आहे. दोन मुक्कामांमागे भेटलेली, गोड बोलणारी, ‘वाट चोरांची आहे, आपण मिळून जाऊ’ म्हणणारी मंडळी शेजारी बसली आहेत. गप्पा रंगल्या आहेत. इतक्यात त्यांचा म्होरक्या सहज म्हणतो, ‘तंबाखू आणा.’ त्या शब्दासरशी प्रत्येक प्रवाशाच्या गळ्याभोवती रुमाल आवळला जातो. खड्डे आधीच खणून तयार असतात.

ठगांचे हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात लहानपणापासून आहे. ते आले कोठून, याचा शोध घेऊ लागलो की आपण एका कादंबरीपाशी येऊन पोहोचतो. ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही ती कादंबरी. १८३९ साली ती लंडनला तीन भागांत प्रसिद्ध झाली. राणी व्हिक्टोरियाला तिची इतकी उत्सुकता लागली होती की छापखान्यातून निघतील तशी पाने तिच्याकडे जात, असे लेखकाने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे.

लेखक फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८ चा. सोळाव्या वर्षी हा मुलगा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी मुंबईस उतरला. पेढीचे दिवाळे निघण्याच्या बेतात होते. म्हणून तो निजामाच्या फौजेत शिरला. पुढे तो सुरपूर संस्थानात राहिला आणि १८५३ पासून काही वर्षे नळदुर्गचा कारभार त्याने पाहिला. तलाव बांधले, रस्ते काढले. तुळजापूरची पार्श्वभूमी घेऊन त्याने पुढे ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. तेव्हा हा माणूस आपल्या मुलखाला परका नव्हता, आणि दुष्टही नव्हता. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते त्याच्या हेतूंविषयी नाही.

कादंबरीत अमीर अली नावाचा कैदी एका साहेबासमोर बसून आपली कहाणी सांगतो. ७१९ खून आपल्या खाती आहेत, मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार झाले असते, असे तो म्हणतो. हुंदका नाही, पश्चात्ताप नाही. कसबी कारागिराने आपल्या कामाची हकिकत सांगावी तसा सूर. कामाची वाटणीही कारखान्यासारखी: सावज गोडीगुलाबीने जाळ्यात आणणारा सोथा, फास आवळणारा भुत्तोट, खड्डा खणणारा लुघाई. वाचकाला सारे आधी कळलेले असते, प्रवाशाला मात्र काहीच कळत नाही. अंगावर काटा येतो तो येथे. ज्यांनी आपल्या आईबापांना मारले त्यांच्याच हाती हा अमीर अली वाढलेला. आणि शेवटी ज्या स्त्रीचा त्याने गळा आवळला ती आपली सख्खी बहीण होती, हे गळ्यातल्या एका खुणेवरून त्याला कळते.

आता हा शेवट कादंबरीकाराचा आहे, हे कोणीही ओळखील. पण टेलर प्रस्तावनेत सांगतो की ही हकिकत जवळजवळ सारी खरी आहे. कल्पित आहे ते घटना जोडण्यापुरते. ठगांच्या जबान्या त्याने स्वतः दिवसचे दिवस लिहून घेतल्या होत्या, हेही खरे. म्हणून लोकांनी कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचलीच नाही. ती पुरावा म्हणून वाचली.

आणि मूळचा पुरावा तरी कसा होता? ठगांचा बंदोबस्त करणारा मुख्य अधिकारी विल्यम स्लीमन. त्याने १८३६ साली ठगांच्या गुप्त बोलीचा कोश ‘रामासीआना’ या नावाने छापला. त्याची सारी भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती. पकडलेल्या ठगाने साथीदारांची नावे सांगावी, म्हणजे फाशी टळे. जितकी नावे, तितका जीव सुरक्षित. त्याच वर्षी कंपनी सरकारने कायदा केला: अमुक खून सिद्ध होण्याची गरज नाही, ठगांच्या टोळीत माणूस कधीकाळी होता एवढे सिद्ध झाले की जन्मभर सक्तमजुरी. माफी मिळालेल्यांसाठी जबलपूरला कारखाना निघाला. तेथे ते तंबू आणि गालिचे विणीत.

येथे आमची एक आठवण सांगणे भाग आहे. एका संपात आमच्यातलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. त्याची जबानी न्यायालयात वाचली गेली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. ‘पूर्वनियोजित’ हा शब्द त्या माणसाने जन्मात उच्चारला नव्हता. जबानीत तो पानोपानी होता. त्याने सांगितलेले सगळेच खोटे नव्हते. पण कोठे सुरुवात करायची, काय गाळायचे आणि साध्या बैठकीला कट कधी म्हणायचे, हे लिहिणाऱ्याने ठरवले होते. त्या दिवसापासून कोणाचीही जबानी वाचताना लेखणी कोणाच्या हाती होती, हे आम्ही आधी पाहतो.

म्हणून ठग झालेच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. जमिनीतून प्रेते निघाली होती. मारले गेलेले वाटसरू आपल्याच देशातले गरीब-श्रीमंत लोक होते. त्यांचा विसर पडू देणे हा अन्यायच होईल. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ साली या विषयाची नव्याने छाननी केली, किम वॅग्नर यांनी २००७ साली ग्रंथ लिहिला. त्यातून दिसते ते असे: वाटमारी व खून खरे, पण सबंध हिंदुस्थानभर पसरलेला, देवीच्या आज्ञेने चालणारा, रक्तातून उतरणारा एकच पंथ, हे चित्र बरेचसे लिहिणाऱ्यांनी घडवलेले.

आणि चित्र नुसते पुस्तकात राहत नाही. सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, हाच विचार घेऊन १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. एका कादंबरीने कायदा झाला असे आम्ही म्हणत नाही. तिने घातलेल्या भीतीने मने मात्र तयार करून ठेवली होती. आपल्या सोलापुरास तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. तेथली माणसे गिरणीत राबत आणि हजेरीसाठी कुंपणाआड परतत. त्यांतल्या मुलांचा अपराध एवढाच की ती त्या घरी जन्मली. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. पण गावात चोरी झाली की पहिली धाड अजूनही कोणत्या वस्तीवर पडते, हे श्रोत्यांना आम्ही सांगायला नको.

टेलरच्या नळदुर्गापासून फार दूर नसलेल्या लातूरकडच्या एका माणसाने १९८७ साली एक पुस्तक लिहिले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला हा मुलगा गिरणीत कामगार झाला. त्याच्या पुस्तकात चोरी आहे, मार आहे, पोलीस आहे, भूक आहे. काहीही लपवलेले नाही. पण समोर साहेब नाही, माफीची लालूच नाही, आणि लेखणी त्याची स्वतःची आहे.

अमीर अलीची कहाणी जरूर वाचावी. रात्री झोप येणार नाही, इतकी ती चांगली आहे. मात्र ती वाचून झाल्यावर ‘उचल्या’ही वाचावे. जबानी आणि आत्मकथन यांतले अंतर ती दोन पुस्तके शेजारी ठेवली की आपोआप कळते.