तीस सेकंदांची मालकी

रिंगटोनचा इतिहास बहुधा बाजारापासून सांगायला घेतात. 1998 च्या सुमारास फिनलंडमध्ये वेसा-मत्ती पानानेन यांच्या कल्पनेतून मोबाइलवर धून विकत मिळू लागली आणि फोनला ज्याची त्याची आवड लाभली, असा तो क्रम. खरा क्रम उलटा आहे. जपानमध्ये 1996 सालीच डेन्सोच्या डी 319 या फोनवर स्वतःची धून बटणे दाबून भरता येत होती, आणि लोकप्रिय गाणी फोनवर कशी बसवायची हे शिकवणारे तिथले पुस्तक 1998 मध्ये निघून पुढे 35 लाखांवर खपले. पाठोपाठ नोकियाच्या कंपोझरने हीच सोय जगभर नेली. 3310 वर 1 ते 7 हे आकडे म्हणजे सात सूर होते, # दाबले की काळ्या पट्टीचा सूर, * ने सप्तक बदलायचे आणि 0 ची विश्रांती. पेटीवर चार गाणी काढणाऱ्या कुणालाही तासाभरात जमावे असे हे काम. म्हणजे आवडत्या गाण्याची घंटी स्वतः बनवण्याची रीत आधीपासून होती. बाजार तिच्यावर मागून उभा राहिला.

तो टिकला कशावर? गाण्याच्या मोलावर नव्हे, फोनच्या बंद दारावर. मूळ ध्वनिमुद्रणच वाजवू शकणारे फोन आले तेव्हा खरे तर हा धंदा संपायला हवा होता, कारण गाणे गिऱ्हाइकाकडे आधीच असायचे. पण अनेक फोनांत बाहेरची फाइल घंटी म्हणून लावायची वाटच ठेवलेली नव्हती. सगळ्यात स्वच्छ पुरावा सप्टेंबर 2007 चा आहे. ॲपलने आयट्यून्सवर 99 सेंटला विकलेल्या गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा रिंगटोन करायला आणखी 99 सेंट मागितले, तेही ठरावीक गाण्यांपुरतेच. अख्खे गाणे आणि त्याचाच तुकडा एकाच भावात! फाइलच्या नावातले एम4ए हे शेपूट काढून एम4आर केले की फुकटात काम होते, हे लोकांनी काही दिवसांतच शोधले. ॲपलने वाट बुजवली, लोकांनी दुसरी काढली.

अशी घंटी स्वतः कापून घेण्यावर आक्षेप येतो तो संगीतकाराच्या हक्काचा, आणि तो हलका नाही. पण 2006 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने रिंगटोनला सक्तीच्या परवान्याच्या चौकटीत बसवले ते विक्रीच्या संदर्भात: जो धून विकतो त्याने रचनाकाराला ठरलेला मोबदला द्यावा. गाणे रीतसर घेऊन घरी त्याचा तुकडा पाडणारा काहीच विकत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 देखील खासगी वापरातल्या न्याय्य व्यवहाराला मोकळीक देते. ती मोकळीक मेमरी कार्डात शेकडो गाणी भरून देणाऱ्या दुकानांना लागू होत नाही, हेही सांगायला हवे. पण त्या दुकानांकडे बोट दाखवून स्वतःच्या सीडीतला अंतरा कापणाऱ्याला चोर ठरवता येणार नाही. लोक सोयीचे पैसे देत होते, हा दुसरा युक्तिवाद. काही प्रमाणात खराच. मात्र सोय विकणाऱ्याला दुसरी वाट बुजवावी लागत नाही.

भारतातला कॉलर ट्यूनचा धंदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रिंगटोन गिऱ्हाइकाच्या हँडसेटमध्ये राहते, कॉलर ट्यून, म्हणजे फोन करणाऱ्याला ऐकू येणारी धून, मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत. म्हणून पहिली कापता-बदलता आली, आणि दुसरी स्वतःकडे ते गाणे असूनही महिन्याच्या भाड्यानेच मिळाली. न मागता लागलेल्या ट्यूनपायी होणाऱ्या पैशांच्या कपातीची कुरकुर तर घरोघरी होती. 2013 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती बंधनकारक केली. पुढे जिओने ग्राहक ओढण्यासाठी कॉलर ट्यून फुकट देऊन टाकली. गाणी तीच होती. ज्याचे भाडे घेतले जायचे ते दार तेवढे उघडले.