लॉकडाऊनमध्ये हार्ट अटॅक खरंच कमी झाले होते का?



"डॉक्टर, लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद, धूर बंद, धावपळ बंद. तेव्हा कुणाला अटॅक आल्याचं ऐकलं का?" हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. प्रश्नात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष धोक्याचा आहे. म्हणून तो काळ जरा मागे वळून बघू.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. त्या काळात रुग्णालयात येणारे हार्ट अटॅकचे रुग्ण खरोखरच कमी झाले. देशातल्या १८७ रुग्णालयांची १५ मार्च ते १५ जून या तीन महिन्यांची आकडेवारी पुढे प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये या काळात २५,४१८ रुग्ण दाखल झाले होते, २०२० मध्ये १६,४१४. म्हणजे ३५ टक्के घट!

मग हे रुग्ण गेले कुठे?

धूर आणि दगदग कमी झाल्यामुळे थोडे अटॅक टळलेही असतील. पण रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साठलेली चरबी चार आठवड्यांत विरघळत नाही. बरेच रुग्ण घरीच थांबले. दवाखान्यात गेलो तर कोरोना होईल, पोलीस अडवतील, गाडी मिळणार नाही, ही भीती होती. गगनबावडा, चंदगडकडच्या माणसाला कोल्हापूर एकदम लांब झालं. निपाणीच्या रुग्णाला तर कोगनोळीचा नाका ओलांडून यावं लागे.

मे २०२० मध्ये करवीर तालुक्यातल्या एका ५४ वर्षांच्या शेतकऱ्यानं छातीतली जळजळ "पित्त असेल" म्हणून दोन दिवस अंगावर काढली. जिरं खाल्लं, सोडा प्याला. तिसऱ्या दिवशी दम लागला तेव्हा मुलगा त्यांना घेऊन आला. इसीजीत अटॅक होऊन गेल्याचं दिसलं. ते वाचले, पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. पूर्वी दिवसभर ऊस तोडणारा माणूस आता जिना चढताना मध्ये थांबतो.

असं का होतं? अटॅकमध्ये रक्ताची गुठळी हृदयाची रक्तवाहिनी बंद करते. त्या क्षणापासून हृदयाचा स्नायू मरायला लागतो. पहिल्या एक-दोन तासांत गुठळी विरघळवली किंवा अँजिओप्लास्टी केली, तर बराचसा स्नायू वाचतो. मेलेला स्नायू मात्र पुन्हा उगवत नाही.

इटलीतही हेच दिसलं. तिथल्या ५४ रुग्णालयांत १२ ते १९ मार्च २०२० या आठवड्यात अटॅकचे रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा ४८ टक्के कमी आले. पण पूर्ण ब्लॉक असलेल्या मोठ्या अटॅकमध्ये मृत्यूचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेलं. रुग्ण कमी आले आणि जे आले ते उशिरा आले.

दुसरं नुकसान सावकाश झालं

रंकाळ्यावरच्या फेऱ्या थांबल्या, तालमी बंद पडल्या. महाराष्ट्रात काही काळ मोकळ्या जागेत चालायला-धावायलाही परवानगी नव्हती. स्मार्टफोनवरच्या एका ॲपची जगभरातली नोंद सांगते, की महासाथ जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत माणसांची रोजची पावलं सरासरी २७ टक्क्यांनी घटली.

घरात मात्र रोज काहीतरी नवीन तळलं जात होतं. झोपेची वेळ बिघडली, पगाराची काळजी वाढली. २५ मार्चलाच सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि आम्ही फोनवरून गोळ्या सांगू लागलो. पण फोनवरून ब्लड प्रेशर कसं मोजणार? वाढलेलं प्रेशर दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोल्हापुरातले निर्बंध लांबले आणि काहींची तपासणी दीड-दोन वर्षं राहून गेली.

लॉकडाऊन उठला, पण त्यात लागलेल्या दोन सवयी अजून उठलेल्या नाहीत: बसून राहणं आणि "बघू उद्या" म्हणणं. कोरोना रोखण्यासाठी तेव्हा घरी थांबणं गरजेचं होतं. छातीत दुखत असताना घरी थांबणं तेव्हाही चूक होतं आणि आजही चूकच आहे.

एवढं लक्षात ठेवा

- छातीत दाब, जळजळ, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक दम, यांतलं काहीही झालं तर पित्त समजून थांबू नका. लगेच इसीजी काढा. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत येऊ नका. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो.
- लॉकडाऊनपासून प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल तपासलं नसेल तर याच आठवड्यात तपासा.
- प्रेशरची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून मनानं बंद करू नका.
- आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज ३० मिनिटं भरभर चाला. रंकाळा आता उघडा आहे.

काळजी घ्या, आणि उशीर करू नका.