वडगावात निजलेला सेनापती

आमच्या घरात संताजी आणि धनाजी कधी वेगवेगळे भेटलेच नाहीत. आजोबांच्या गोष्टीत मोगलांची घोडी पाण्यावर नेली की बिथरायची, कारण पाण्यात त्यांना हे दोघं दिसायचे. धनाजीची समाधी आमच्या वडगावातच, त्यामुळे आजोबा त्याच्याविषयी भावकीतल्या माणसासारखं बोलत. संताजी घोरपडे कापशीकर, म्हणजे पाहुणे.

ही जोडी फुटली ती वाचनालयाच्या व्याख्यानमालेत.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमच्याकडची भरायची थंडीत, ऐन गळीत हंगामात. कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, हे अध्यक्ष दरवर्षी न चुकता सांगायचे आणि लगेच अनुदानाच्या रडगाण्यावर यायचे. बाबूराव पेंटरांवर कोणी बोलणार असलं की तरणी पोरं यायची. इतिहास असला की सतरंजीवर पुढं सगळे फेटेवाले.

त्या संध्याकाळचे वक्ते कागदपत्रांतले होते. राजाराम महाराजांनी संताजीचं सेनापतिपद काढलं, ते धनाजीकडे आलं. १६९६ साली आयेवारकुटीला दोघं एकमेकांशी लढले. पुढच्या वर्षी संताजी मारला गेला. सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली. मग १७०७, खेड. ताराराणींनी शाहूंना अडवायला पाठवलेला धनाजी तिथं शाहूंनाच मिळाला. आणि १७०८ साली शाहूंची फौज पन्हाळ्याच्या मुलखात उतरली, त्याच वर्षी धनाजी इथं, वडगावात, वारला.

मागून एक म्हातारबा उठले. "सर, मग मेला तवा ह्यो कुणाकडचा? आमचा का सातारकरांचा?"

वक्त्यांनी भांड्यातलं पाणी प्यायलं. "शाहूंचा."

"म्हंजे आमच्यावरच चालून आला हुता!"

नेमकी तेव्हाच बाहेरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली. ती लांब जाईपर्यंत कुणालाच बोलता येईना.

तासाभराच्या व्याख्यानापेक्षा मला तो प्रश्न मोलाचा वाटतो. कोल्हापूरच्या गादीला सोडून गेलेल्या सेनापतीची समाधी कोल्हापूरच्याच मुलखातल्या गावानं आपली मानली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सातारा आणि कोल्हापूर ही वाटणी राजघराण्याची. गावाच्या लेखी धनाजी म्हणजे औरंगजेबाला पुरून उरलेला माणूस. इतिहासकारांना हे भोळेपण वाटेल. मला नाही वाटत.

आजोबांनी वक्त्यांचं म्हणणं नाकारलं नाही. एवढ्या शिकल्या माणसाला खोटं कसं म्हणायचं? त्यांनी गोष्टच दुरुस्त करून घेतली. धनाजीच्या पदरी बाळाजी विश्वनाथ कारकून होता. खेडच्या आदल्या रात्री त्यानंच धन्याचे कान भरले, नाहीतर आमचा माणूस फुटणारा नव्हता. बाळाजी १७१३ साली पेशवा झाला, हे मी शाळेत शिकून येऊन सांगितलं, तरी आजोबांच्या तोंडी तो अखेरपर्यंत कारकूनच राहिला.