गांवानें खणलेली वाट

इतिहास लिहितांना राजे, लढाया आणि तह यांकडे आमचें लक्ष आधीं जातें. परंतु देशांतील रस्ते, कालवे व तारा कोणीं घातल्या, कोणाच्या पैशानें घातल्या आणि त्यांचें स्वामित्व शेवटीं कोणाकडे राहिलें, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतों. वस्तुतः सामान्य माणसाच्या स्वातंत्र्याचा हिशेब पुष्कळदां याच प्रश्नाच्या उत्तरांत सांपडतो. इंग्लंडच्या वायव्य भागांतील लँकेशायर परगण्यांत २०११ सालापासून घडलेली एक हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

लून नदीच्या खोऱ्यांतील गांवें लहान व विखुरलेलीं आहेत. दोन घरांच्या मध्यें मेंढ्यांचीं कुरणें आणि दगडी गडगे. टेलिफोनची जुनी तांब्याची तार तेथें पोंचली होती. पण अंतर वाढत जातें तसतसा अशा तारेंतील इंटरनेटचा वेग झपाट्यानें घटतो, त्यामुळें केंद्रापासून दूरच्या शेतघरांना ती असून नसल्यासारखी होती. काचेच्या तंतूंतून जाणाऱ्या प्रकाशाला हा दोष मैलोगणती जाणवत नाहीं. परंतु मोठ्या कंपन्यांचें गणित दर घरामागें येणाऱ्या खर्चावर चालतें, आणि त्या गणितांत चार घरांची वाडी नेहमींच तोट्यांत निघते. व्यापारी दृष्टीनें यांत नवल कांहींच नाहीं. मात्र मुलांचा अभ्यास, सरकारी अर्ज आणि व्यापाराचा पत्रव्यवहार हीं सर्व जेव्हां एकाच वाटेनें होऊं लागतात, तेव्हां ती वाट नसणें म्हणजे गांव ओस पडण्याची सुरुवात होय.

तेथील रहिवाशांनीं मग स्वतःचीच संस्था काढली. 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' या लांबलचक नांवाचें संक्षिप्त रूप 'बार्न' असें उच्चारतात. त्याचा अर्थ शेतावरील कोठार. संगणकजालांचे जाणकार बॅरी फोर्ड आणि शेतकरी कुटुंबांतील ख्रिस कॉन्डर हीं दोघें तिच्या प्रवर्तकांत प्रमुख होतीं. खरी युक्ति होती ती वाटेच्या निवडींत. सार्वजनिक रस्ता खणावयाचा तर परवानगी, वाहतुकीचा खोळंबा व डांबर फोडून पुन्हां भरण्याचा खर्च. तेंच शेतांतून गेलें तर मऊ मातींत चर खणून नळी पुरतां येते. म्हणून कार्यकर्त्यांनीं जमीनमालकांकडे विनामूल्य वाट मागितली, आणि ती मिळाली. शेतकऱ्यांनीं आपलीं यंत्रें आणलीं, शेजाऱ्यांनीं फावडीं घेतलीं, आणि ज्यांना खणणें झेपत नव्हतें त्यांनीं नकाशे आखले वा चहा-केक पुरविला. तंतूला तंतु जोडण्याचें नाजूक कामहि स्वयंसेवक शिकले. आरंभीचें भांडवल रहिवाशांनीं भाग घेऊन उभें केलें, व कित्येकांच्या श्रमाचा मोबदलाहि भागांच्याच रूपानें दिला गेला. सेकंदास १००० मेगाबिट, तेहि येतांना व जातांना सारखेच, आणि महिन्याचें शुल्क आरंभीं ३० पौंड. त्या काळीं शहरांतहि ही सोय दुर्मिळ होती. पुढें सरकारी साह्याचाहि उपयोग झाला, आणि जोडलेल्या घरांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली.

हें सर्व लँकेशायरांत घडावें यांत एक ऐतिहासिक औचित्य आहे. तेव्हां याच परगण्यांत असलेल्या रॉचडेल येथें १८४४ सालीं कांहीं कारागिरांनीं पैसा पैसा जमवून पीठ, लोणी व साखर विकणारें छोटेंसें दुकान काढलें. भाग कितीहि असोत, सभासदास मत एकच, हा त्यांचा नियम जगभरच्या सहकारास आधारभूत झाला. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं उभा राहिलेला साखर कारखानाहि त्याच परंपरेंतला. 'बार्न'मध्येंहि तोच नियम आहे, आणि संस्थेचा नफा लोकहितासाठींच वापरावा असें तिच्या घटनेचें बंधन आहे.

तथापि केवळ उत्साहानें सर्व कांहीं साधतें असें मानणें इतिहासास धरून होणार नाहीं. अमेरिकेंत ग्रॅहॅम बेल यांचे एकाधिकार १८९३-९४ मध्यें संपतांच खेड्यांतील शेतकऱ्यांनीं स्वतःच्या टेलिफोनच्या तारा ओढल्या. पश्चिमेकडे तर कित्येक ठिकाणीं कुंपणाच्या कांटेरी तारेंतूनच बोलणें चाले. घंटा वाजली कीं सगळ्या वाडीनें कान लावावा, अशी ती मौज होती. पण खांब कुजले, तारा गंजल्या, आणि दुरुस्तीसाठीं पैसा बाजूस काढून ठेवण्याची शिस्त पुष्कळ मंडळ्यांनीं लावून घेतली नव्हती. त्यांतच महामंदी आली. १९२० ते १९४० या वीस वर्षांत तेथील शेतघरांतील टेलिफोनांचें प्रमाण वाढण्याऐवजीं घटलें. शेवटीं १९४९ सालीं ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यांत दुरुस्ती करून टेलिफोनसाठींहि सरकारी कर्जाची सोय करावी लागली.

हा धडा लक्षांत घेतला म्हणजे लँकेशायरच्या उद्योगाची खरी परीक्षा कोठें आहे तें कळतें. खणणाऱ्या पिढीला प्रत्येक चराची आठवण असते. पुढच्या पिढीला तीच सोय नळाच्या पाण्यासारखी आपोआप येणारी वाटते. सभेस कोण जातो, हिशेब कोण तपासतो, तुटलेला तंतु पावसांत कोण जोडतो, हे रुक्ष प्रश्न मागाहून येतात, आणि सहकारी संस्था मोडतात त्या बहुधा याच ठिकाणीं. चर केव्हांच बुजले आहेत व त्यांवर गवत वाढलें आहे. परंतु त्या कोठाराची किल्ली सभासद किती काळ आपल्याच हातीं ठेवतात, यावर त्याचें भवितव्य अवलंबून राहील असें आम्हांस वाटतें.